वाचकांचे प्रश्न: गृहपाठ, एआय आणि वर्गाचे नियम

चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारखी साधने विद्यार्थ्यांनी कितपत वापरावीत आणि त्याचे नियम कोणी ठरवावेत, हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत या सदराकडे वारंवार आला आहे. विचारणाऱ्यांमध्ये प्राध्यापक आहेत, मुख्याध्यापक आहेत, पालक आहेत आणि विद्यार्थीही आहेत. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची व संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. तृतीय वर्षाच्या वर्गात ६० विद्यार्थी आहेत. अंतर्गत मूल्यमापनासाठी ‘आपल्या तालुक्यातील सिंचन आणि पीकरचना’ हा विषय दिला होता. आलेल्या असाइनमेंटपैकी निम्म्यांची उपशीर्षके, भाषा आणि निष्कर्षसुद्धा सारखे होते आणि त्यांपैकी एकातही तालुक्यातील एकाही गावाचे नाव नव्हते. आता प्राचार्यांनी विभागाला एआयविषयक धोरण लिहून द्यायला सांगितले आहे. परदेशी विद्यापीठांची धोरणे वाचली, तर ती वीस-वीस पानांची आहेत. आम्ही सुरुवात कोठून करावी?

उत्तर: निम्म्या वर्गाने एकाही गावाचे नाव न घेता तालुक्यावर लिहिले आणि तरीही ते काम पुरे झाले असे त्यांना वाटले, ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. विषय गावाचा होता, पण गुण गावाला नव्हते, हे विद्यार्थ्यांनी बरोबर ओळखले. एआय येण्यापूर्वी हेच काम गाईडमधून किंवा वरच्या वर्गातील मुलांच्या फायलींतून होत असे. प्रयोगवह्या पिढ्यान्‌पिढ्या कशा उतरवल्या गेल्या आणि तयार प्रकल्प कोणत्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, हे आपल्यापैकी कोणालाही नव्याने सांगावे लागणार नाही. यंत्राने फक्त तो व्यवहार फुकट आणि घरबसल्या करून दिला.

म्हणून धोरणाचा मसुदा लिहिण्याआधी विभागातील सर्वांनी एकत्र बसून वर्षभरात दिल्या जाणाऱ्या कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे एवढेच लिहावे, की हे काम केल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवे. एखाद्या प्रकरणाचा सारांश लिहायला सांगण्यामागे वाचन घडावे हा हेतू असेल, तर सारांश यंत्राने लिहिताच त्या कामात काहीच उरत नाही. उलट शेतकऱ्यांच्या मुलाखतींतून मिळालेल्या माहितीचा अर्थ लावणे हा हेतू असेल, तर माहितीचा तक्ता यंत्राने नीट मांडून दिला म्हणून फारसे बिघडत नाही. एकाच वर्गात, एकाच सत्रात ही दोन्ही प्रकारची कामे असतात. त्यामुळे ‘महाविद्यालयात एआयच्या वापरास बंदी आहे’ आणि ‘विद्यार्थ्यांनी एआयचा जबाबदारीने वापर करावा’ ही दोन्ही वाक्ये सारखीच निरुपयोगी ठरतात. पहिले कोणी पाळत नाही आणि दुसऱ्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो.

परदेशी धोरणांतून उचलण्याजोगी गोष्ट हीच आहे, की त्यांतील चांगली धोरणे संस्थेविषयी कमी आणि कामाविषयी अधिक बोलतात. कोणत्या कामात एआयचा किती वापर चालेल हे ठरवण्यासाठी माइक पर्किन्स, लिऑन फर्झ या शिक्षण-अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या मूल्यमापन-श्रेणीत पाच पातळ्या आहेत. ‘अजिबात वापर नाही’ ही त्यांतील पहिली. सिडनी विद्यापीठाने त्याहून सोपी वाट धरली. देखरेखीखाली होणारे मूल्यमापन एका बाजूला ठेवले आणि उरलेल्या सर्व कामांत एआय वापरला जाणार हे गृहीतच धरले. हा विचार मला प्रामाणिक वाटतो, कारण ज्या नियमाचे पालन तपासता येत नाही, त्याचा जाच फक्त नियम पाळणाऱ्यालाच होतो. मात्र आपल्याकडे तो जसाच्या तसा आणला, तर सगळा भार पुन्हा तीन तासांच्या लेखी परीक्षेवर पडेल आणि ज्या घोकंपट्टीतून थोडी सुटका व्हावी म्हणून अंतर्गत मूल्यमापन आले, तिथेच आपण परत जाऊ.

आपल्या विभागाला तीन पातळ्या पुरतील. पहिली ‘स्वतः’, म्हणजे वर्गात बसून, हाताने, फोन बाजूला ठेवून करायचे काम. दुसरी ‘मदतीसह’, म्हणजे ठरवून दिलेल्या टप्प्यांपुरता वापर. तिसरी ‘खुले’, म्हणजे वापर हवा तेवढा करावा, पण उत्तराची जबाबदारी संपूर्णपणे विद्यार्थ्याची. प्रत्येक असाइनमेंटच्या कागदावर यांपैकी एक शब्द छापलेला असावा आणि ‘मदतीसह’ असेल तेथे त्याखाली चार-पाच वाक्ये असावीत. सिंचनाच्या कामासाठी ती पुढीलप्रमाणे लिहिता येतील.

‘प्रश्नावली तयार करण्यासाठी आणि लिहून झालेल्या मजकुराचे शुद्धलेखन तपासण्यासाठी एआयची मदत घेता येईल. मुलाखती, आकडे, गावातील निरीक्षणे आणि निष्कर्ष विद्यार्थ्याचे स्वतःचे असतील. मदत घेतली असल्यास कोणते साधन कशासाठी वापरले आणि त्याने सांगितलेल्यापैकी काय ठेवले व काय टाकले, हे शेवटच्या पानावर चार ओळींत लिहावे. मदत घेतल्याबद्दल गुण कमी होणार नाहीत. मदत घेऊन ती लपवल्यास काम पुन्हा करावे लागेल.’

यातील शेवटची दोन वाक्ये गाळू नयेत. अनेक ठिकाणी वापर जाहीर करण्याची सक्ती असते आणि जाहीर करणाऱ्याकडेच संशयाने पाहिले जाते; असे एकदा घडले, की पुढच्या सत्रात कोणीही काही जाहीर करीत नाही. तसेच ‘शुद्धलेखन तपासणे’ आणि ‘मजकूर सुधारून घेणे’ यांतील फरक वर्गात फळ्यावर एक परिच्छेद लिहून दाखवावा, कारण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या दोहोंत फरक नसतो आणि पुढचे बहुतेक वाद तेथेच होतात.

यानंतर गुणांची वाटणी बदलावी. समजा काम २० गुणांचे आहे, तर ८ गुण क्षेत्रभेटीच्या वहीला, ६ गुण तोंडी चर्चेला आणि ६ गुण लिहिलेल्या अहवालाला द्यावेत. वहीत तारीख, गाव, कोणाच्या शेतात उभे राहून बोललो, धोम किंवा कण्हेर धरणाच्या कालव्याचे आवर्तन त्या शेतापर्यंत पोहोचते का, उसाखालची जमीन कोणी आल्याच्या पिकाकडे वळवली असेल तर का, अशी माहिती हाताने लिहिलेली असावी. अशी वहीसुद्धा कोणी घरात बसून रचू शकेल, हे खरे आहे. त्यासाठीच तोंडी चर्चा हवी. ६० जणांशी प्रत्येकी ४ मिनिटे बोलायचे तर २४० मिनिटे, म्हणजे ४८ मिनिटांचे ५ तास खर्ची पडतात, आणि आपल्याला एवढे तास मोकळे मिळत नाहीत याची मला कल्पना आहे. चौघांचा एक गट करून प्रत्येक गटाला एक गाव द्यावे आणि गटाशी १२ मिनिटे बोलावे. १५ गटांचे काम १८० मिनिटांत, म्हणजे चार तासांच्या आत आटोपते. शिवाय एकाच गावाविषयी चौघे चार गोष्टी सांगू लागले, तर कोण शेतावर गेले होते आणि कोण नाही, हे विचारावेसुद्धा लागत नाही.

धोरणाचे पान एकच असावे आणि मराठीत असावे. ते संकेतस्थळावर टाकून मोकळे होऊ नये. सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गात वाचून दाखवावे आणि विद्यार्थ्यांच्या शंका ऐकून त्यात दोन ओळी बदलण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न: मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विभागप्रमुख आहे. आमच्या एका विद्यार्थिनीचा इंग्रजी प्रकल्प-अहवाल तपासणी-सॉफ्टवेअरने ७८ टक्के एआयनिर्मित ठरवला. ती म्हणते की लेखन तिचेच आहे, फक्त इंग्रजी सुधारून घेतले. काही सहकाऱ्यांच्या मते शून्य गुण द्यावेत, कारण यूजीसीची मर्यादाच १० टक्क्यांची आहे. आम्ही काय करावे?

उत्तर: त्या आकड्यावरून शून्य गुण देऊ नका.

आपल्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम वाङ्मयचौर्याविषयी आहेत आणि त्यांतील १० टक्क्यांची पायरी ही आधी अस्तित्वात असलेल्या मजकुराशी असलेल्या साम्याची आहे. तेथे मूळ मजकूर आणि विद्यार्थ्याचा मजकूर शेजारी ठेवून कोणालाही दाखवता येतो. एआय-तपासणीत शेजारी ठेवायला काहीच नसते. ७८ हा आकडा म्हणजे शब्दांची मांडणी पाहून एका संगणकप्रणालीने बांधलेला अंदाज आहे. दोन्ही आकड्यांपुढे टक्क्याचे चिन्ह असते, एवढेच त्यांचे नाते.

हा अंदाज किती कच्चा असू शकतो, हे चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीच्याच अनुभवावरून दिसते. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने असे तपासणी-साधन आणले. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत त्याने यंत्रलिखित मजकुरांपैकी २६ टक्केच ओळखले आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरांपैकी ९ टक्के यंत्राचे ठरवले. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचे सांगून, ते बंद करण्यात आले. नंतर आलेली साधने त्याहून चांगली असल्याचे सांगितले जाते, परंतु अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या तपासणी-सॉफ्टवेअरची एआय-तपासणी बंद करताना केलेला हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. या विद्यापीठाने २०२२ मध्ये ७५,००० निबंध तपासणीला पाठवले होते. टर्निटिन कंपनीने सांगितलेला १ टक्का चुकीचा दर खरा मानला, तरी ७५० निबंधांवर विनाकारण ठपका आला असता.

आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०२३ मध्ये सात तपासणी-साधनांना टोफेल परीक्षेतील ९१ निबंध दिले. हे निबंध इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे होते. त्यांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सर्व बरोबर ओळखले. कारण साधे आहे. पुढचा शब्द सहज ओळखता येईल असे लेखन या साधनांना यंत्राचे वाटते, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलगी शाळेत पाठ केलेल्या ठरावीक वाक्यरचनांतूनच इंग्रजी लिहीत असते. तिने जपून, व्याकरण न चुकवता लिहिले, हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसतो.

असे प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊ शकते. हरियाणातील एका खासगी विद्यापीठात एलएल.एम.च्या विद्यार्थ्याला, त्याची उत्तरे ८८ टक्के एआयनिर्मित आहेत असे म्हणून अनुत्तीर्ण केले गेले. तो २०२४ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला; पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे सांगितले आणि याचिका निकाली निघाली. याउलट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील हिंगहॅम येथे एका शाळेविरुद्ध पालकांनी दावा केला, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने विद्यार्थ्यावरील कारवाईला स्थगिती देण्यास नकार दिला. तेथे शाळेकडे तपासणी-साधनाच्या आकड्याखेरीज बरेच काही होते. विद्यार्थ्यांना एआयविषयी लेखी सूचना आधी दिलेल्या होत्या. संदर्भसूचीत अस्तित्वात नसलेली पुस्तके होती. फाइलच्या इतिहासावरून असे दिसले, की या विद्यार्थ्याने सुमारे ५२ मिनिटे काम केले होते, तर इतरांना ७ ते ९ तास लागले होते. या दोन प्रकरणांतून आपल्या विभागाने काय घ्यावे, हे उघड आहे.

विद्यार्थिनीला बोलावून घ्यावे, मात्र चौकशी समितीपुढे नव्हे. आपण आणि तिचे मार्गदर्शक एवढेच असावेत. फाइलच्या जुन्या आवृत्त्या, हस्तलिखित टिपणे, प्रयोगाच्या नोंदी तिने आणाव्यात. अहवालातील कोणतेही एक पान उघडून तेथे काय केले आणि दुसऱ्या पद्धतीने का केले नाही, हे तिला मराठीत विचारावे. तिला नीट सांगता आले, तर प्रश्न भाषा सुधारून घेण्यापुरताच उरतो, आणि भाषा सुधारून घेऊ नये असा नियम आपण आधी लेखी दिलेला नसेल, तर तो आता मागील तारखेने लावता येणार नाही. तिला काहीच सांगता आले नाही, तर तिला तिचा प्रकल्प समजलेला नाही. त्यासाठी आपल्याकडे मौखिक परीक्षेचे गुण आहेत आणि ते देताना एआयचा उल्लेखसुद्धा करण्याची गरज नाही.

प्रश्न: मी विदर्भातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘संतसाहित्य आणि निसर्ग’ या प्रकल्पात अकरावीच्या एका मुलाने तुकाराम महाराजांचा म्हणून एक अभंग दिला आहे. वाचायला बरा वाटतो, शेवटी ‘तुका म्हणे’ आहे, पण गाथेत कोठेही सापडत नाही. मुलाने तो चॅटबॉटकडून घेतल्याचे लगेच मान्य केले. तो खोटा असू शकतो हे त्याला ठाऊक नव्हते. इतर विषयांचे काहीही होवो, मराठीत तरी या साधनांना पूर्ण बंदी असावी, असे मला वाटते.

उत्तर: आपला संताप समजतो, पण मुलाने लगेच मान्य केले, ही फार चांगली गोष्ट झाली. त्याने फसवले नाही, तो फसला. चॅटबॉट हा ग्रंथालयातील कपाट उघडून अभंग काढून देत नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता अधिक, हे पाहून तो मजकूर रचतो, आणि ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा इतकी ठरलेली आहे की तिची नक्कल करणे सर्वांत सोपे. तसे पाहिले, तर ‘तुका म्हणे’ जोडून आपले म्हणणे खपवण्याची हौस माणसांनाही जुनीच आहे. गाथांतील प्रक्षिप्त अभंगांचा वाद यंत्र येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. तो वाद अकरावीच्या मुलांना सांगण्याचे निमित्त आपल्याला आयते मिळाले आहे.

मी आपल्या जागी असतो, तर हाच अभंग, मुलाचे नाव न घेता, फळ्यावर लिहिला असता. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात व दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते, हे सांगून मुलांना अक्षरे मोजायला लावली असती. यंत्राने रचलेले अभंग या मोजणीत वरचेवर घसरतात. त्यानंतर शब्दांकडे वळावे: यातील कोणता शब्द सतराव्या शतकातील वाटत नाही? ‘पर्यावरण’, ‘संवर्धन’ असले शब्द तेथे असतील, तर मुले स्वतःच हसतील. मग गाथा वर्गात आणून निसर्गाविषयीचा खरा अभंग त्यांनी शोधावा. एका तासात छंद, भाषेचा इतिहास आणि संदर्भ तपासण्याची रीत, तिन्ही गोष्टी होतात, आणि यासाठी यंत्राचे आभारच मानावे लागतील.

नियम म्हणून मात्र एक वाक्य पुरे: ‘प्रकल्पातील प्रत्येक अवतरणापुढे ग्रंथ, आवृत्ती आणि पृष्ठ किंवा अभंग-क्रमांक द्यावा, आणि तो विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेला असावा.’ यात एआय हा शब्दच नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या सुविचारांनाही हा नियम तितकाच लागू पडतो.

निबंध, पत्र, रसग्रहण यांच्याबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. ज्या लेखनातून विद्यार्थ्याची भाषा घडायची, ते वर्गात आणि हाताने व्हावे. याला आणखी एक कारण आहे. चॅटबॉटची मराठी शुद्ध असते, पण ती बहुधा इंग्रजीतून उतरलेली असते. प्रत्येक गोष्ट तेथे ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ आणि प्रत्येक वारसा ‘समृद्ध’ असतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाने घरचा एखादा नेमका शब्द वापरून लिहिले, तर हे साधन तो शब्द काढून त्या जागी सपाट शब्द ठेवते, आणि आपण गुळगुळीतपणाला गुण देत राहिलो, तर मूल ती सुधारणाच मानणार. तेव्हा बंदीबरोबर आपल्या तपासणीच्या सवयीकडेही पाहावे लागेल. यंत्राने लिहिलेला निबंध छापून मुलांच्या हाती द्यावा आणि लाल पेन त्यांना द्यावे. दुसऱ्याच्या लेखनातील पोकळ वाक्य एकदा ओळखता आले, की स्वतःच्या लेखनात तसे वाक्य घालायला हात धजत नाही.

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या माध्यमिक शाळेच्या संस्थाचालकांनी एआयवर संपूर्ण बंदीचा ठराव केला आहे. काही पालक मात्र म्हणतात की मुलांना हे शिकवले नाही तर ती मागे पडतील. आठवी ते दहावीसाठी मुख्याध्यापक म्हणून मी कोणती भूमिका घ्यावी?

उत्तर: शाळेच्या आवारापुरती बंदी घालता येते, पण गृहपाठ आवाराबाहेर होतो. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये शाळेच्या संगणकांवर चॅटजीपीटी बंद केले आणि मे महिन्यात तो निर्णय मागे घेतला, हे ठरावाच्या फेरविचारासाठी बैठकीत सांगण्यासारखे आहे.

पालकांचे म्हणणे ऐकतानाही वय विसरू नये. ओपनएआयच्या अटींनुसार १३ वर्षांखालील मुलांना चॅटजीपीटी वापरता येत नाही आणि १८ वर्षांखालील मुलांना पालकांची परवानगी लागते. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातील वापरासाठी किमान वय १३ सुचवले आहे. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर १८ वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. तेव्हा ‘उद्या सगळ्यांनी खाते उघडून या’ असे कोणत्याही शिक्षकाने आठवीच्या वर्गाला सांगू नये. शिक्षकांनीही मुलांची नावे, गुण किंवा उत्तरपत्रिकांची छायाचित्रे अशा साधनांत टाकू नयेत. माझ्या अनुभवात ही चूक मुलांपेक्षा मोठ्यांकडून अधिक होते.

शिवाय अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो वडील संध्याकाळी कामावरून परतल्यावर मुलांच्या हाती येतो. म्हणून एआय लागेलच असा गृहपाठ देऊ नये. दाखवायचेच असेल, तर शिक्षकाने स्वतःच्या खात्यावरून वर्गातल्या पडद्यावर दाखवावे: आपल्या गावाविषयी त्याला विचारावे आणि उत्तरातील चुका गावच्या मुलांनाच शोधू द्याव्यात. संस्थाचालकांना ठरावात ‘बंदी’ हा शब्द ठेवायचाच असेल, तर तो ‘विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक खात्यांवर’ या शब्दांसह ठेवावा. त्यांचाही मान राहील.

ठाण्याच्या एका पालकांनी जवळजवळ हाच प्रश्न घरच्या बाजूने विचारला आहे: नववीतील मुलगी गणिताचा स्वाध्याय चॅटबॉटच्या मदतीने झटपट सोडवते, मग चाचणीत गुण कमी का पडतात? तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात नेमके हेच दिसले. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण तो काढून घेतल्यावर झालेल्या परीक्षेत ती मुले, चॅटबॉट कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना दिला होता, त्यांचे असे नुकसान बहुतांशी टळले. तेव्हा मुलीने आधी वहीत स्वतः प्रयत्न करावा, अडली तर ‘उत्तर सांगू नकोस, पुढची एकच पायरी सुचव’ असे विचारावे, आणि उदाहरण सुटल्यावर फोन बंद करून तेच उदाहरण पुन्हा एकदा कोऱ्या पानावर सोडवावे.

प्रश्न: मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी असाइनमेंटमध्ये एआय वापरल्यास गुण कापू असे सांगितले आहे, पण त्यांनी दिलेल्या नोट्स एआयने लिहिलेल्या आहेत हे स्पष्ट दिसते; एका पानावर तर चॅटबॉटचे ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ हे वाक्यसुद्धा राहून गेले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर: नाही. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठात एका विद्यार्थिनीने अशाच कारणावरून आपले शुल्क परत मागितले होते, आणि २०२५ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. तिची मागणी विद्यापीठाने मान्य केली नाही, पण तिचा प्रश्न रास्त होता. शिक्षकाचे काम आणि विद्यार्थ्याचे काम वेगळे असते, हे मी मान्य करतो. सरांना हा विषय येतो हे आधी सिद्ध झालेले आहे, तुम्हाला तो अजून शिकायचा आहे. त्यामुळे दोघांना अगदी एकच नियम लागू होणार नाही. परंतु वापर जाहीर करण्याचा आणि मजकूर वाचून मगच पुढे देण्याचा नियम दोघांनाही सारखाच हवा. राहून गेलेले ते वाक्य हेच सांगते, की नोट्स देण्यापूर्वी वाचल्या गेल्या नाहीत.

सरांकडे एकटे किंवा वर्गप्रतिनिधीला घेऊन जा. समाजमाध्यमावर त्या पानाचे छायाचित्र टाकू नका. ‘सर, आम्हाला असाइनमेंटच्या कोणत्या टप्प्यावर एआय चालेल आणि कोणत्या नाही, ते लिहून द्याल का? नोट्स करताना तुम्ही कोठे वापरता, तेही सांगितलेत तर आम्हाला पद्धत कळेल,’ असे विचारा. बहुतेक शिक्षक या प्रश्नावर रागावणार नाहीत. रागावलेच, तर अंतर्गत मूल्यमापनाचे निकष लेखी मिळावेत असा अर्ज विभागप्रमुखांच्या नावे द्या, आणि त्या अर्जात नोट्सचा उल्लेख करू नका.